काँक्रीटचे हौदे: लंडनमधला एक आठवडा

शनिवार

धाकट्या बहिणीचं घर लंडनच्या वायव्येला, हॅरोजवळच्या वील्डस्टोनमध्ये आहे. कोल्हापूरहून रात्रीच्या बसनं मुंबई, तिथून विमान, मग रेल्वे असं करत दुपारी पोचलो, तेव्हा मला फक्त अंथरूण दिसत होतं. लेकीला मात्र दम नव्हता. ती तेरा वर्षांची आहे. गेली दोन वर्षं पहाटे साडेपाचला उठून रंकाळ्याकडच्या रस्त्यावर स्केटबोर्ड चालवते, कारण सहा वाजले की दुधाच्या गाड्या सुरू होतात आणि रस्ता तिचा राहत नाही.

भाचा म्हणाला, ‘‘मामा, पार्क इथून चालत जाण्यासारखा आहे. चहा घेऊन जाऊ या?’’ चहा अर्धा ठेवून दोघं निघालेसुद्धा.

बायरन पार्क हे साधं सार्वजनिक मैदान. त्याच्या एका कडेला काँक्रीटमध्ये खोदल्यासारखा हा स्केटपार्क, म्हणजे स्केटबोर्ड खेळायची जागा, आहे. १९७८ साली ‘सॉलिड सर्फ’ या नावानं तो सुरू झाला. फाटकावर तिकीट नाही, वही नाही, ‘ओळखपत्र दाखवा’ नाही. कुणीही यावं आणि उतरावं. मी आधी चपला काढून काठावर बसलो आणि तळवा फिरवून पाहिला. माझा धंदा बांधकामाचा. पंचेचाळीस वर्षं ऊन, पाऊस, बर्फ खाल्लेलं काँक्रीट हाताखाली आलं की बाकी काही सुचत नाही. ठिकठिकाणी भेगा भरल्या आहेत, ठिगळं दिसतात, पण मुख्य गोलाई अजून शाबूत आहे.

ही गोलाई म्हणजे स्केटपार्कचा जीव. सपाट तळ भिंतीला जिथे मिळतो तिथे कोपरा नसतो, वर्तुळाचा तुकडा असतो. त्याची त्रिज्या एकसारखी असेल तर चाक घसरत वर जातं आणि परत येतं. कुठे फुगवटा राहिला, तर मूल तोंडावर आपटतं. चाकं जेमतेम दोन इंच व्यासाची आणि कडक असतात. हरभऱ्याएवढा खडासुद्धा त्यांना जागीच अडवतो.

खोल भागाच्या काठावर उभी राहून लेक म्हणाली, ‘‘बाबा, हा हौदाच आहे.’’ आमच्या तालमीत कुस्तीच्या मातीच्या खड्ड्याला हौदा म्हणतात. माझं लहानपण तसल्याच एका हौद्यात गेलं. त्या क्षणापासून आमच्या बोलण्यातून ‘बोल’ हा स्केटिंगवाल्यांचा शब्द गेला आणि हौदा आला.

हॅरोचा पार्क ज्या वर्षी झाला, त्याच वर्षी लंडनच्या पूर्व टोकाला हॉर्नचर्च इथे ‘रॉम’ हा स्केटपार्क झाला. २०१४ साली रॉमला ऐतिहासिक वास्तू म्हणून ‘ग्रेड टू’ संरक्षण मिळालं. युरोपातल्या स्केटपार्कला असं संरक्षण मिळण्याची ती पहिलीच वेळ. जुन्या देवळाला, वाड्याला मिळतो तो मान पोरांच्या घसरगुंडीला मिळाला. हे मी मुद्दाम लिहून घेतलं. गेल्या वर्षी आम्ही नऊ पालकांनी अशा पार्कसाठी एका कचेरीत अर्ज दिला होता. तिथले साहेब म्हणाले, ‘‘हे पैसेवाल्यांच्या पोरांचं खूळ आहे. चार वर्षांत ओसरेल.’’ अर्ज अजून तिथेच आहे.

रविवार

आज थेम्सचा दक्षिण काठ, म्हणजे साउथबँक. वॉटर्लूला उतरून नदीच्या बाजूनं चालायला लागलो. आधी कडकड, खटाक असा आवाज आला आणि मग जागा दिसली. क्वीन एलिझाबेथ हॉल हे १९६७ साली उघडलेलं संगीताचं सभागृह. त्याच्या पोटाखाली, नदीकडे तोंड करून, एक उघडी बुटकी जागा आहे. छत्रीसारखे माथे पसरलेले जाड खांब, मध्येच कुठल्याही उघड कारणाशिवाय बांधलेले काँक्रीटचे उतार, आणि छतापर्यंत रंगच रंग. बांधणाऱ्यांनी ही जागा खेळासाठी केलीच नव्हती. ती उरलेली होती. १९७३ च्या सुमारास पोरांना ती सापडली आणि तेव्हापासून त्यांनी ती सोडलेली नाही.

हॉलच्या बाहेरच्या भिंतींवर शटरिंगच्या, म्हणजे काँक्रीट ओतायच्या साच्याच्या, फळ्यांच्या रेषा तशाच ठेवल्या आहेत. लाकडाची शीर न् शीर काँक्रीटमध्ये उमटली आहे. आमच्याकडे असं काम झालं तर मालक गिलावा मागतो. मला ते फार देखणं वाटलं.

आम्ही तिथे चार तास होतो. लेक पहिला तासभर भिंतीला टेकून उभीच. एवढी माणसं, त्यात दाढीवाले बाप्ये, आणि प्रत्येकाचा वेग वेगळा. भाच्यानं तिला एकच गोष्ट समजावली, ‘‘इथे रांग नाही, पण पाळी आहे. समोरचा थांबला की नजर फिरव. सगळे बघत असतील तर तू निघ.’’ ती निघाली. दुसऱ्या उतारावर पडली. उठली, परत गेली. पाचव्या-सहाव्या वेळेला उतार चढून, वळून, तोल सांभाळत खाली आली, तेव्हा बाजूच्या तीन-चार अनोळखी लोकांनी आपापल्या बोर्डाचं टोक जमिनीवर आपटलं. टाळ्या देण्याची ही त्यांची रीत. मला कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानातली हलगी आठवली. पट काढला की जी घुमते ती.

आता या जागेची मुख्य गोष्ट. २०१३ च्या मार्चमध्ये इथल्या सांस्कृतिक केंद्रानं एक मोठी विस्तार योजना जाहीर केली. तिच्यात खालच्या या जागेत दुकानं आणि खाण्याची ठिकाणं येणार होती, आणि स्केटिंगसाठी जवळच हंगरफोर्ड पुलाखाली नवी जागा मिळणार होती. नवी कोरी, नीट आखलेली. वरवर पाहिलं तर तक्रारीला जागा नाही. पण पोरांनी नकार दिला. ‘लाँग लिव्ह साउथबँक’ या नावानं त्यांनी मोहीम उघडली. याच उतारांच्या पुढ्यात टेबल मांडलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून आपलं म्हणणं सांगितलं. दीड लाखाहून जास्त माणसं सदस्य म्हणून नोंदली गेली. पुढच्या जानेवारीत शहराच्या महापौरांनीही जागा आहे तिथेच राहावी असं म्हटलं. योजना थांबली, आणि सप्टेंबर २०१४ मध्ये दोन्ही बाजूंनी लेखी करार केला की ही जागा स्केटिंगसाठीच राहील.

मला यातली पुढची पायरी जास्त मोलाची वाटते. भांडण मिटल्यावर ही पोरं त्याच केंद्राबरोबर एकत्र बसली, मिळून पैसे उभे केले, आणि कित्येक वर्षं पत्र्याआड बंद असलेला भाग नीट करून २०१९ च्या जुलैमध्ये पुन्हा खुला केला. आज लेक ज्या बुटक्या उतारावर शिकली तो त्याच भागातला. ज्याच्याशी भांडलो त्याच्याच खांद्याला खांदा लावून काम करायचं, हे आमच्याकडच्या तालीम मंडळांनाही नवीन नाही.

संध्याकाळी नदीकाठच्या कठड्यावर बसून डबा खाल्ला. बहिणीनं चपाती आणि बटाट्याची भाजी दिली होती. बसल्या बसल्या लेकीला सांगितलं की शाहू महाराज १९०२ साली याच शहरात आले होते, सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी. त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं गोल क्रीडागार पाहिलं आणि ते डोक्यात घेऊन परतले. १९१२ साली कोल्हापुरात खासबाग मैदान उभं राहिलं. मध्ये लाल मातीचा हौदा, भोवती चढत गेलेली बैठक, कुठूनही बसा, कुस्ती दिसणारच. बाहेरचं पाहिलं आणि घरच्या खेळासाठी बांधलं. ती म्हणाली, ‘‘मग आपण पण तेच करायला आलोय ना?’’ मी हो म्हणालो.

सोमवार

सकाळपासून पाऊस. दुपारी उघडीप मिळाली तशी मीनव्हाइल गार्डन्सला गेलो. शहराच्या पश्चिमेला, कालव्याच्या काठाला, ट्रेलिक टॉवर या उंच इमारतीच्या सावलीत ही चिंचोळी बाग आहे. ‘मीनव्हाइल’ म्हणजे ‘दरम्यान’. १९७६ साली जेमी मॅककलक या कलावंतानं आसपासच्या रहिवाशांना घेऊन इथल्या पडीक जमिनीवर बाग सुरू केली, तेव्हा परवानगी तात्पुरती होती. म्हणून नाव दरम्यान. ती तात्पुरती बाग अजून तिथेच आहे आणि तिच्या पोटात एकमेकांत उतरणारे काँक्रीटचे हौदे आहेत.

पाऊस थांबून तासही झाला नव्हता, तरी कड्या-कपारी सोडल्या तर हौदा कोरडा होत आला होता. तळाला निचऱ्याची जाळी, तिच्याकडे बेताचा ढाळ. पण जाळीच्या तोंडाशी पानं अडकून ओंजळभर पाणी साचलं होतं. एक पन्नाशीचा माणूस घरातून आणलेला खराटा आणि फडकं घेऊन उतरला, पानं काढली, फडक्यानं पाणी टिपलं, पिळलं, परत टिपलं. मग बोर्ड घेतला. त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तालमीत पहाटे माती खणायची, ताक, तेल, हळद घालून ती मऊ करायची, हे काम खेळणाऱ्यानंच करायचं असतं. वस्ताद आम्हाला आधी फावडं द्यायचे, डाव नंतर.

पावसाबद्दल मात्र मला काळजी वाटली. इथला पाऊस भुरभुरतो. आपला जून ते सप्टेंबर ठाण मांडून बसतो. उघडा हौदा कोल्हापुरात बांधला तर तो वर्षातले चार महिने शेवाळानं हिरवा होईल. त्यामुळे मला साउथबँकची डोक्यावर छप्पर असलेली जागाच आपल्यासाठी जास्त खरी वाटते. आपल्याकडे असं छप्पर आयतं आहे, उड्डाणपुलाखाली. अमेरिकेत पोर्टलंड शहरात बर्नसाइड पुलाखाली पोरांनी १९९० साली परवानगीची वाट न बघता स्वतः काँक्रीट ओतून पार्क बांधायला घेतला. पुढे शहरानं तो मान्य केला. विनापरवाना करा असं मी म्हणणार नाही. पण पुलाखालची जागा चालते, हे त्यातून दिसतं. मुंबईत माटुंग्याला रहिवाशांनी पाठपुरावा केला आणि पुलाखाली नानालाल डी. मेहता उद्यान झालं, लोक तिथे फिरायला जातात. तिथे बाग होते तर दुसरीकडे हौदा का होऊ नये?

मंगळवार

स्टॉकवेल, ब्रिक्स्टनच्या अंगाला. हाही १९७८ चा. थेट रस्त्याला लागून, लालसर रंगाचा. इथे खोल हौदा नाही. समुद्र हलता हलता गोठावा तशा लाटा आहेत. मला आखणी म्हणून हाच सगळ्यांत शहाणा वाटला. खोल खड्ड्याच्या काठावरून पहिली उडी घ्यायला छाती लागते, ते सगळ्यांना जमत नाही. लाटेवर मात्र सहा वर्षांचं पोरही ढकलून दिलं की पुढे जातं. एक आजोबा नातीला तीनचाकीवर फिरवत होते, त्यांच्या शेजारून सायकलवाली पोरं झपाझप जात होती. कुणी कुणाला हटकलं नाही. आणि रस्त्यावरच असल्यामुळे बसथांब्यावरच्या माणसांना सगळं दिसतं. आईबापांना निर्धास्त वाटायचं तर खेळ लोकांच्या नजरेत हवा. गावाबाहेर कुंपणात नेऊन टाकला तर मुली येणार नाहीत.

लेकीचं कोपर सोललं. हळद लावली.

बुधवार

आजचा दिवस मी विसरणार नाही. पूर्व लंडनमध्ये डॉबनी फील्ड्स या मैदानात ‘हॅकनी बम्प्स’ आहे. १९८६ साली बांधलेले उंचवटे. वर्षानुवर्षं त्याचा पृष्ठभाग इतका खरबरीत झाला होता की पडलं की कातडी जायची, आणि हळूहळू लोक येईनासे झाले. २०२० च्या टाळेबंदीत सगळं बंद असताना आसपासच्या स्केटिंगवाल्यांनी तो घासायला घेतला. घासायची यंत्रं आणली आणि एकेक उंचवटा हातानं गुळगुळीत केला. ज्यानं कोबा घासला आहे त्याला कळेल हे किती जिकिरीचं काम आहे. सपाट फरशी घासणं वेगळं. इथे प्रत्येक वीतभर जागेला उतार बदलतो, यंत्राचा भार एका कडेला येतो आणि हात जरा ढिला पडला की खळगा पडतो. त्यातून लोकांचा विश्वास बसला, मग पैसा जमला आणि जागेची नीट फेररचना झाली.

आम्ही पोचलो तेव्हा दोन तरुणी लहान मुलांना शिकवत होत्या. हात धरून उतारावरून खाली आणायचं, मग एकच हात, मग नुसतं एक बोट. लेक लांबून बघत होती. त्यांच्यापैकी एकीनं तिला हाक मारली, पाय कुठे ठेवतेस ते बघितलं, पुढचा पाय अंगठाभर आत घ्यायला लावला आणि म्हणाली, आता भिऊ नकोस, मी खाली उभी आहे. तिसऱ्या खेपेला ती उंचवटा पार करून गेली. घरी दोन वर्षं ती मोबाइलवर बघून शिकली. मी तिच्या मागे धावलो, पण पाय कुठे ठेवायचा ते मला सांगता येत नव्हतं. शिकवणाऱ्याशिवाय हौदा म्हणजे नुसता खड्डा. तालमीत थोरला पोरगा धाकट्याला पाठीवर घेऊन बैठका मारतो, पैसे कुणी कुणाला देत नाही. नेमकं तेच इथे बघितलं.

एक फरक आहे आणि तो सांगितला पाहिजे. माझ्या लहानपणी आमच्या तालमीच्या उंबऱ्याच्या आत बहिणीला येता आलं नाही. ती बाहेर डबा घेऊन उभी राहायची. आज तिच्याच घरी राहून मी लेकीला घेऊन हिंडतोय. म्हणून मला मध्य प्रदेशातल्या पन्ना जिल्ह्याच्या जनवार गावाचं मोठं अप्रूप आहे. उलरिके राइनहार्ड या जर्मन बाईंनी २०१५ साली त्या छोट्या खेड्यात स्केटपार्क उभा केला आणि दोनच नियम ठेवले: शाळा नाही तर स्केटबोर्ड नाही, आणि मुली आधी. आदिवासी आणि यादव अशा दोन वस्त्यांची पोरं एकाच काँक्रीटवर आली. तिथलीच आशा गोंड २०१८ साली चीनमध्ये नानजिंगच्या जागतिक स्पर्धेत उतरली. हे पैसेवाल्यांचं खूळ आहे म्हणणाऱ्या साहेबांना मी जनवारचा नकाशा दाखवणार आहे.

परतीच्या गाडीत लेकीनं विचारलं, ‘‘स्काय ब्राउनला टोकियो ऑलिंपिकमध्ये स्केटबोर्डचं पदक मिळालं तेव्हा ती किती वर्षांची होती?’’ तेरा. ती काही बोलली नाही, खिडकीतून बघत राहिली.

गुरुवार

दाजींनी सुट्टी काढली आणि आम्हाला समुद्रकाठच्या फोकस्टनला नेलं. सेंट पँक्रासहून वेगवान गाडीनं तासाभराच्या आत. तिथे २०२२ साली ‘एफ ५१’ नावाचा मजल्यांचा स्केटपार्क झाला आहे. एकावर एक मजले, वर लाकडी उतार, आणि पहिल्या मजल्यावर काँक्रीटचे हौदे, जे जमिनीत नाहीत, अधांतरी आहेत. तळमजल्यावर चहा पीत बसलं की डोक्यावर त्या हौद्यांची पोटं दिसतात. मी चहा थंड होऊ दिला. तेवढी गोलाई, तेवढं वजन, खालून शटरिंग लावून तोलायचं आणि वरून चाकाला हिसका बसणार नाही इतकं सफाईदार ठेवायचं! ज्या गवंड्यांनी हे केलं त्यांच्या हाताला नमस्कार.

त्याच इमारतीत गिर्यारोहणाची भिंत आहे, मुष्टियुद्धाचं रिंगण आहे. सुरू झाला तेव्हा गावातल्या शाळकरी मुलांसाठी महिन्याला एक पौंडात प्रवेश ठेवला होता, हे फार चांगलं. तरीही मी हा नमुना आपल्यासाठी मागणार नाही. रॉजर डी हान या एका दानशूर गृहस्थांच्या पाठबळावर तो उभा आहे. असा माणूस प्रत्येक गावाला मिळत नाही. आणि दार आलं की कुलूप येतं, दिवे येतात, पगार येतात. हॅरोला आज दारच नाही.

शुक्रवार

शेवटचा दिवस, पुन्हा बायरन पार्क. मी बरोबर सुतळी, खडू आणि फूटपट्टी घेतली होती. सकाळी आठला कुणी नव्हतं. भाचा एका टोकाला, लेक दुसऱ्या टोकाला. उतारावर दोरी ताणून धरायची, दोन्ही टोकं काँक्रीटला टेकलेली, आणि मध्यभागी दोरी ते काँक्रीट अंतर मोजायचं. दोरी चार फूट आणि मधलं अंतर साडेतीन इंच आलं, तर त्रिज्या सात फूट. लेकीला हे गणित इतकं आवडलं की तिनं तीन ठिकाणी मोजलं आणि वहीत मांडलं. काठाला कुठे लोखंडी नळी आहे, कुठे काँक्रीटचे ठोकळे, ती जागा किती झिजली, पाणी कुठून वाहतं, सगळं टिपलं. नऊ पानं झाली.

मोजमाप होईतो एक पोस्टमन आला. गणवेशातच. पिशवी काठावर ठेवली, बोर्ड काढला, दहा मिनिटं खेळला, घाम पुसला, पिशवी उचलून गेला.

आपल्याकडे दुपार झाली असेल असं बघून मी आमच्या गवंड्याला फोन लावला. वीस वर्षं आमच्याबरोबर आहे. जिन्याची गोलाई काढावी तर त्यानंच. म्हटलं, ‘‘आपल्या गोदामाच्या शेडमध्ये, पत्र्याखाली, वीस बाय तीस फूट जागा मोकळी कर. तीन फूट उंचीचा उतार करायचा आहे, आतून गोल.’’

‘‘हौद बांधायचा काय, सायेब?’’

‘‘हौदाच. पण कोपरा नको, तळ आणि भिंत एकाच रेषेत फिरली पाहिजे.’’

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘मग प्लायवूडचा फर्मा कापावा लागंल. पट्टीनं नाही यायचं ते. त्रिज्या किती?’’

मी लेकीकडे बघितलं. तिनं वही उघडली आणि फोन माझ्या हातातून घेतला.